मोडणारी मोटार आणि वांचणारा माणूस

यंत्रांचा इतिहास लिहितांना गति आणि शक्ति यांकडेच इतिहासकारांचें लक्ष विशेष जातें. कोणतें एंजिन कोणीं प्रथम बनविलें, कोणती मोटार ताशीं किती मैल धांवली, हें सांगणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. परंतु तीच मोटार आदळली म्हणजे आंतील व बाहेरील माणसांचें काय होतें, आणि तें तसें होऊं नये म्हणून मोटारीची घडण कशी बदलत गेली, हा इतिहास फारसा कोणी सांगत नाहीं. वस्तुतः तो अधिक बोधप्रद आहे. यंत्र बनविणाऱ्यानें कोणाच्या जिवाची काळजी केव्हां घेतली आणि कोणाच्या दडपणानें घेतली, हें त्यावरून कळून येतें. त्या इतिहासाचें स्थूल दिग्दर्शन करावें एवढाच आमचा येथें हेतु आहे.

हा प्रश्न पहिल्यापासूनच दुहेरी होता. १८६९ सालच्या ऑगस्टमध्यें आयर्लंडांत मेरी वॉर्ड ही विदुषी वाफेच्या गाडींतून जात असतां वळणावर खालीं फेंकली गेली आणि त्याच गाडीच्या चाकाखालीं सांपडून मरण पावली. ही आंत बसणारी. पुढें १८९६ सालच्या १७ ऑगस्टला लंडनमध्यें क्रिस्टल पॅलेसच्या आवारांत ब्रिजेट ड्रिस्कॉल या पायीं चालणाऱ्या बाईचा मोटारीच्या धक्क्यानें अंत झाला. ब्रिटनमध्यें मोटारीनें मेलेली ती पहिली पादचारी. अशी गोष्ट पुन्हां कधीं न घडो, अशी इच्छा चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानें बोलून दाखविली असें सांगतात. वाफेच्या गाडीपुढें तांबडें निशाण घेऊन माणसानें चालावें असा १८६५ सालचा इंग्रजी कायदा होता. त्याचे निर्बंध ढिले होत जाऊन, ड्रिस्कॉलबाईच्या मृत्यूनंतर तीनच महिन्यांनीं हलक्या गाड्यांना ताशीं १४ मैलांपर्यंत धांवण्याची मुभा मिळाली. अशा रीतीनें या दोन मृत्यूंनीं यंत्रयुगाच्या दरबारांत दोन फिर्यादी दाखल झाल्या. पहिलीचा निकाल लागण्यास नव्वद वर्षें लागलीं. दुसरीचा अद्याप पुरता लागलेला नाहीं.

मधल्या काळांत मोटार बनविणाऱ्यांचें तत्त्वज्ञान सोपें होतें. गाडी भक्कम असावी आणि हांकणारा सावध असावा! अपघात झालाच तर दोष हांकणाऱ्याचा, नाहीं तर वाटेंत आलेल्याचा. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील मोटारवाल्यांनीं 'जेवॉकर' हा शब्द रूढ केला. शहरांतील रस्त्यावर कसें चालावें हें न कळणारा गांवढळ, असा त्याचा भावार्थ. शतकानुशतकें जो रस्ता पायीं चालणाऱ्याचा होता, त्यावर आतां तोच उपरा ठरला. आंतील माणसाची स्थितिही फारशी निराळी नव्हती. स्टिअरिंगचा ताठ दांडा भाल्यासारखा हांकणाऱ्याच्या छातीवर रोखलेला असे, आणि डॅशबोर्डावर धातूच्या कठीण मुठी असत. गाडी जेमतेम दबलेली आणि आंतील मनुष्य मात्र गतप्राण, असा प्रकार कित्येकदां दृष्टीस पडे.

या विचारसरणीला शास्त्रीय धक्का दिला तो ह्यू डी हेवन या अमेरिकन गृहस्थानें. पहिल्या महायुद्धांत कॅनडामध्यें वैमानिकाचें शिक्षण घेत असतां १९१७ सालीं त्याचें विमान दुसऱ्या विमानावर आदळून खालीं पडलें. तो जबर जखमी झाला, पण वांचला. आपण कां वांचलों, या प्रश्नानें त्याला पुढें पछाडलें. पन्नास ते दीडशें फूट उंचीवरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांचे दाखले त्यानें तपासले आणि १९४२ सालीं त्यांची मीमांसा प्रसिद्ध केली. पडणाऱ्याखालची वस्तु किंचित् दबली, आणि आघात शरीराच्या मोठ्या भागावर वांटला गेला, तर माणसाचें शरीर कल्पनेपेक्षां पुष्कळ अधिक सोसतें, हें त्याचें सार. दैव म्हणून ज्याची आपण बोळवण करितों, त्यांत बराचसा भाग इंचांचा आणि क्षणांचा असतो.

याचें गणित शाळेंतल्या मुलालाही करतां येईल. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या माणसाचा आघात सुमारें दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, पडल्यासारखाच असतो. त्याची छाती पांच सेंटिमीटरांत थांबली, तर तिच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारें दोनशेंपट जोर येतो. तीच अर्ध्या मीटरांत थांबली, तर तो जोर सुमारें वीसपटीवर उतरतो. १९५४ सालच्या डिसेंबरांत जॉन पॉल स्टॅप या अमेरिकन लष्करी डॉक्टरानें अग्निबाणाच्या गाडीवर स्वतःला बांधून घेतलें आणि ताशीं ६३२ मैलांच्या वेगावरून दीड सेकंदाच्या आंत थांबून दाखविलें. त्या वेळीं त्याच्या शरीरावर गुरुत्वाच्या ४६ पट जोर आला होता, तरी तो जगला. तेव्हां प्रश्न एवढाच उरला कीं, मोटारींतील माणसाला तें अर्ध्या मीटराचें अंतर मिळवून कोठून द्यावयाचें?

याचें उत्तर ऑस्ट्रियांत जन्मलेला एंजिनिअर बेला बारेनी यानें दिलें. डाइमलर-बेंझ कारखान्यांत काम करीत असतां १९५१ सालीं त्यानें पेटंटासाठीं अर्ज केला. त्यांतील कल्पना प्रचलित समजुतीच्या अगदीं उलट होती. गाडीचा मधला, माणसें बसण्याचा भाग मजबूत पेटीसारखा करावा. परंतु पुढचा व मागचा भाग मुद्दाम असा करावा कीं, आघात होतांच तो चुरगळत जाऊन धक्का पचवील. १९५९ सालीं या तत्त्वावर बांधलेली मर्सिडीज बाहेर पडली. त्याच सालीं स्वीडनच्या व्होल्वो कंपनीनें, पूर्वीं विमानांतून वैमानिकाला बाहेर फेंकणाऱ्या आसनांवर काम केलेल्या निल्स बोहलिन याचा खांद्यावरून व कमरेवरून जाणारा पट्टा आपल्या मोटारींत बसविला. या दोन युक्ति परस्परपूरक आहेत. पुढचा भाग चुरगळून अंतर मिळवितो, आणि पट्टा माणसाला गाडीशीं बांधून त्या अंतराचा वांटेकरी करितो. पट्टा न बांधणाऱ्याला तो लाभ मिळत नाहीं. गाडी थांबत आली तरी तो पूर्वीच्याच वेगानें पुढें जातो आणि कांचेवर वा चाकावर जाऊन थांबतो. व्होल्वोनें हें पेटंट इतर कारखान्यांनाही मोकळें ठेविलें, हें त्या कंपनीला भूषणावह आहे.

परंतु युक्ति सांपडली म्हणजे ती वापरली जातेच असें नाहीं. फोर्ड कंपनीनें १९५६ सालच्या मोटारींत पट्टे व मऊ डॅशबोर्ड जादा किंमतीनें देऊं केले होते. तथापि सुरक्षितपणा विकला जात नाहीं, हाच निष्कर्ष त्या धंद्यांत रूढ झाला. १९६५ सालीं राल्फ नेडर या तरुण वकिलानें 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हें पुस्तक लिहून दोषाचें बोट हांकणाऱ्यावरून बनविणाऱ्याकडे वळविलें. त्याच्यामागें खासगी गुप्तहेर लावल्याबद्दल जनरल मोटर्सच्या अध्यक्षाला १९६६ सालीं सिनेटच्या उपसमितीपुढें क्षमा मागावी लागली, आणि त्याच सप्टेंबरांत अध्यक्ष जॉन्सन यांनीं मोटारींच्या सुरक्षिततेच्या कायद्यावर सही केली. १९७० सालीं ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया राज्यानें पट्टा बांधणें सक्तीचें केलें.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, सुरक्षित गाडी मिळाल्यावर हांकणारा बेफिकीर होईल आणि आंतल्याचा लाभ बाहेरच्याच्या जिवावर उठेल. हा आक्षेप १९७५ सालीं शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनीं आंकडेशास्त्राच्या आधारें मांडला होता. पुढील संशोधनानें तो त्या प्रमाणांत मान्य केला नाहीं. तरी त्यांतील एक सत्य विसरतां येत नाहीं. सुरक्षिततेची योजना कोणासाठीं आहे, यावर तिचें फळ अवलंबून असतें. एअरबॅगचा इतिहास याला साक्षी आहे. जॉन हेट्रिक या अमेरिकनाला तिचें पेटंट १९५३ सालीं मिळालें आणि १९८१ सालीं मर्सिडीजमध्यें ती आली. परंतु १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत तिच्या जोरदार फटक्यानें लहान मुलें आणि ठेंगण्या स्त्रिया मेल्या. पट्टा न बांधलेला मध्यम बांध्याचा पुरुष वांचला पाहिजे, हें माप धरून तिची शक्ति ठरविलेली होती. ज्याचें माप घेतलें तो वांचला, ज्याचें घेतलें नाहीं तो मारला गेला! पुढें ती शक्ति कमी करण्यांत आली.

मग ज्याचें माप मुळींच कोणी घेतलें नव्हतें, त्या पादचाऱ्याची कथा काय? मोटारीचें गिऱ्हाईक आंत बसतें. बाहेर चालणारा तिची किंमत देत नाहीं, म्हणून बाजारांत त्याच्या शब्दाला वजन नाहीं. वस्तुतः त्याच्या बाबतींतही तत्त्व तेंच आहे. बंपर प्रथम पायाला लागतो, मग मांडी वा कंबर बॉनेटच्या कडेवर आपटते, आणि शेवटीं डोकें बॉनेटवर किंवा पुढच्या कांचेवर आदळतें. बंपरमागें मऊ भरण घातलें, बॉनेटची कड गोल केली, बॉनेटचा पत्रा आणि त्याखालचें एंजिन यांत थोडी पोकळी ठेवली, तर तेंच मोलाचें अंतर त्याच्या डोक्यालाही मिळतें. कांहीं गाड्यांत धक्का लागतांच बॉनेटची मागची बाजू उचलली जाते. व्होल्वोनें २०१२ सालीं पादचाऱ्यासाठीं कांचेच्या तळाशीं एअरबॅगही बसविली. १९९७ सालीं सुरू झालेल्या युरो एन्कॅपच्या परीक्षेंत पादचाऱ्याचा विचार आरंभापासून होता. २००३ सालीं युरोपीय संघानें त्याविषयीं निर्देश काढला. म्हणजे ड्रिस्कॉलबाईची फिर्याद ऐकून घेण्यास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं.

आणि ऐकलेली फिर्याद पुन्हां बासनांत बांधली जाण्याचें भय आहेच. अमेरिकेंत उंच, उभट तोंडाच्या गाड्यांचा षोक वाढला. अशा गाडीचें तोंड पायांऐवजीं छातीवर बसतें. ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाड्यांनीं धडक दिल्यास पादचारी मरण्याचा संभव, बुटक्या व उतरत्या तोंडाच्या गाड्यांपेक्षां सुमारें ४५ टक्क्यांनीं अधिक असतो, असें तेथील विमा कंपन्यांच्या संशोधनसंस्थेनें २०२३ सालीं दाखविलें. २००९ सालीं त्या देशांत ४,१०९ पादचारी मेले होते. २०२२ सालीं ती संख्या ७,५०० च्या वर गेली. शास्त्र विसरलें गेलें नव्हतें. फक्त गिऱ्हाइकाची आवड बदलली होती.

आमच्या देशांत २०१८ च्या ऑक्टोबरापासून नव्या नमुन्याच्या मोटारींना पादचाऱ्यांच्या रक्षणाची कसोटी लागू झाली. त्यापूर्वीं २०१७ सालच्या डिसेंबरांत गाडीपुढें हौसेनें लावलेल्या लोखंडी कठड्यांविरुद्ध कारवाई करण्यास केंद्र सरकारनें राज्यांना कळविलें. असा कठडा चुरगळणाऱ्या भागाचें काम बिघडवितो आणि चालणाऱ्याचीं हाडें मोडतो. २०२३ च्या ऑक्टोबरांत भारत एन्कॅप सुरू झालें, आणि हल्लीं गिऱ्हाईक गाडीचे 'तारे' विचारूं लागलें आहे. हें सर्व स्वागतार्हच होय. तथापि २०२२ सालीं भारतांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं, त्यांत ३२,८२५ पादचारी आणि ७४,८९७ दुचाकीवरील होते. शंभरांतील चौसष्ट मृत्यु या दोन वर्गांतले, आणि त्यांपैकीं कोणालाही चुरगळणारें बॉनेट, पट्टा वा एअरबॅग यांचें कवच नव्हतें.

आंत बसणाऱ्याची काळजी बाजार उशिरा कां होईना घेतो, कारण पैसे त्याच्या खिशांत असतात. बाहेरच्याची काळजी कायदाच घेऊं शकतो. आणि कायदा करविण्यासाठीं आपल्यापैकीं प्रत्येकानें, स्वतःची मोटार असो वा नसो, आपण दिवसाचा कांहीं वेळ पायींच चालतों हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. गाडी विकत घेतांना ताऱ्यांबरोबरच तिचें तोंड केवढें उंच आहे, हेंही वाचकांनीं विचारावें, एवढी विनंति करून हा लेख पुरा करितों.