अलिबागची वेधशाळा आणि बेरजेचे चिन्ह

संगणकाच्या प्रोग्रॅमिंगमध्ये बेरीज, वजाबाकी किंवा गुणाकाराच्या एकाच चिन्हाला, त्याच्या दोन्ही बाजूंच्या राशी कोणत्या प्रकारच्या आहेत हे पाहून निरनिराळे काम नेमून देता येते; या सोयीला 'ऑपरेटर ओव्हरलोडिंग' म्हणतात. ती ज्या गरजेतून आली ती मात्र संगणकाहून जुनी आहे, आणि त्या गरजेचे अतिशय स्वच्छ उदाहरण रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेतील आकडेमोडीत सापडते.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत भूचुंबकत्वाच्या नोंदी 1841 पासून होत होत्या. शहरातील घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवण्याचे ठरले तेव्हा त्या प्रवाहाने उपकरणे बिघडणार हे उघड झाले, आणि संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत हे काम अलिबागला हलवण्यात आले. 1904 मध्ये तेथे नोंदी सुरू झाल्या. दोन्ही ठिकाणच्या आकड्यांचा मेळ बसावा म्हणून 1906 पर्यंत कुलाबा आणि अलिबाग येथे एकाच वेळी निरीक्षणे घेण्यात आली, ही दूरदृष्टी विशेष उल्लेखनीय आहे. लोखंडाचा परिणाम टाळण्यासाठी इमारत पोरबंदरी दगडाची बांधली गेली. 1971 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे ही वेधशाळा आली, आणि त्या संस्थेचे मुख्यालयही पुढे रायगड जिल्ह्यातच, नवीन पनवेलला आले.

प्रकाशचित्रणाने नोंद घेण्याच्या काळात अंधाऱ्या खोलीत टांगलेल्या लहानशा चुंबकावरील आरशातून परावर्तित झालेला किरण, संथ फिरणाऱ्या कागदावर रेघ उमटवीत असे. त्या रेघेचे आधाररेषेपासूनचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचे, त्याला उपकरणाच्या प्रमाणांकाने गुणायचे आणि आलेली संख्या आधारमूल्यात मिळवायची, एवढीच रीत होती. मात्र ती दोन अगदी वेगळ्या राशींना लावली जाई. एक म्हणजे चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज घटक, जो अलिबागला आजच्या एककात सुमारे 38,000 नॅनोटेस्ला भरतो आणि ज्याच्या बेरजेत हातचा दहावर घेतला जातो. दुसरी म्हणजे दिक्पात, अर्थात चुंबकसूचीने खऱ्या उत्तरेशी केलेला कोन, ज्यात हातचा साठ मिनिटांवर घ्यावा लागतो. शिवाय अलिबागचा दिक्पात शून्य अंशाच्या जवळपास असल्याने पूर्व की पश्चिम हेही जपावे लागते. क्षैतिज आणि ऊर्ध्व घटक एकत्र करून पूर्ण क्षेत्र काढायचे असेल तर तिसराच नियम लागतो, कारण परिमाण आणि दिशा दोन्ही असलेल्या अशा राशी, म्हणजे सदिश, सरळ मिळवता येत नाहीत. काटकोनातील 3 आणि 4 एककांच्या सदिशांच्या बेरजेचे परिमाण 7 नव्हे, तर 5 येते.

हे ज्ञान कागदावरच्या चिन्हात नव्हते. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी येईपर्यंत रुपये-आणे-पैंचा हिशेब लिहिणारा कारकून जसा पैंच्या रकान्यात बारावर आणि आण्यांच्या रकान्यात सोळावर हातचा घेई, तसेच वेधशाळेतही नियम रकान्याच्या मथळ्यात आणि आकडेमोड करणाऱ्याच्या डोक्यात राहत असे. ऑपरेटर ओव्हरलोडिंगचा इतिहास हा मुख्यतः या नियमाची जागा बदलत गेल्याचा इतिहास आहे.

1957 मध्ये आयबीएमने आणलेल्या फोरट्रान भाषेत पूर्णांक आणि दशांश संख्या यांच्यासाठी एकच बेरजेचे चिन्ह होते, जरी यंत्राच्या आत त्या दोन क्रिया वेगळ्या होत्या. परंतु कोन किंवा सदिश यांच्यासाठी त्या चिन्हाला नवा अर्थ देण्याचा अधिकार प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला नव्हता. तो अल्गोल 68 ने दिला. सिम्युला 67 ने 'क्लास' दिला, म्हणजे एखाद्या प्रकारची माहिती आणि तिच्यावर करायच्या क्रिया यांची एकत्र बांधणी. बेल लॅब्जमध्ये 1979 पासून सी भाषेला क्लासची जोड देणाऱ्या बियार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी सी प्लस प्लसमध्ये हे दोन्ही धागे एकत्र आणले. आता कोनाच्या क्लासमध्ये साठचा हातचा आणि पूर्व-पश्चिमेचा नियम एकदाच लिहिला की आधारमूल्यापासून दिक्पात काढण्याचे सूत्र, वेधशाळेच्या वहीत जसे मांडले जाई, तसेच प्रोग्रॅममध्ये मांडता येते.

यावर आक्षेपही आले. 1995 च्या जावा भाषेत जेम्स गॉसलिंग यांनी ही सोय मुद्दाम ठेवली नाही, कारण सी प्लस प्लसमध्ये तिचा गैरवापर त्यांनी पुष्कळ पाहिला होता. ज्या वस्तूंच्या बेरजेला मुळात काही ठरलेला अर्थच नाही, तेथे हा आक्षेप पूर्णपणे खरा आहे. दोन कर्मचाऱ्यांच्या नोंदींमध्ये बेरजेचे चिन्ह घातले तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. परंतु कोन, काल, सदिश यांच्या बाबतीत तो लागू पडत नाही. त्यांची बेरीज कशी करायची हे गणिताने आधीच ठरवलेले आहे, आणि ते चिन्ह हिरावून घेतल्याने सूत्र अधिक दुर्बोध होते.

शिवाय क्लास जसा क्रियेला अर्थ देतो, तसा तो निरर्थक क्रियेला नकारही देऊ शकतो, आणि या सोयीची ही बाजू जितकी चर्चिली जायला हवी तितकी चर्चिली जात नाही. सप्टेंबर 1859 च्या प्रचंड चुंबकीय वादळाच्या कुलाब्यातील नोंदी मुंबईच्या स्थानिक वेळेत आहेत, आणि ती वेळ ग्रीनिचच्या 4 तास 51 मिनिटे पुढे होती. अशा नोंदीतील क्षणातून हा कालावधी वजा केला की ग्रीनिचचा क्षण मिळतो, आणि एका क्षणातून दुसरा क्षण वजा केला की वादळ किती वेळ टिकले ते कळते. पायथन भाषेत 2003 पासून असलेला दिनांक-वेळेचा क्लास या दोन्ही वजाबाक्या वेगवेगळ्या ओळखतो. पण दोन क्षणांची बेरीज सांगितली, तर तो उत्तर न देता चूक दाखवून थांबतो.