इंजिनचे शीतक द्रव : रंग, रसायन आणि पाणी – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मोटारगाडीच्या इतिहासात इंजिन, इंधन आणि वेग यांना मानाचे स्थान लाभले आहे. ज्याच्यामुळे इंजिन तग धरते त्या शीतक द्रवाचा, म्हणजेच प्रचलित भाषेतील कूलंटचा, उल्लेख मात्र देखभालीच्या पुस्तिकेपुरता मर्यादित राहिला. इंधनाच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी साधारणतः एक तृतीयांश उष्णता या द्रवामार्फत बाहेर टाकावी लागते. ती वेळेवर बाहेर पडली नाही, तर काही मिनिटांतच धातू वाकतो आणि इंजिन निकामी होते.

या विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष वेधले गेले ते एका चौकशीच्या निमित्ताने. सहलीस निघालेली महाविद्यालयाची बस घाटात बंद पडली. रेडिएटरमधून तपकिरी रंगाचा चिकट गाळ निघाला. मूळच्या हिरव्या कूलंटमध्ये चालकाने वाटेत लाल कूलंट भरला होता आणि कमी पडले तेव्हा बोअरवेलचे पाणी ओतले होते. दुरुस्तीचा खर्च त्याच्या वेतनातून कापावा, असा प्रस्ताव चौकशी समितीपुढे आला. समितीचा सदस्य या नात्याने लेखकापुढे एकच प्रश्न होता : जे ज्ञान चालकापर्यंत कोणी पोहोचवलेच नाही, त्याच्या अभावाचा दोष त्याचा कसा?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना शीतक द्रवाचा सुमारे सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते. कूलंटचा रंग हे त्याच्या रसायनाचे प्रमाण नव्हे आणि आज बाजारात दिसणारी प्रकारांची विविधता ही वेगवेगळ्या प्रदेशांतील पाणी, धातू व कारखानदारी यांच्या इतिहासातून आली आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

१. पाण्याचे युग

कार्ल बेंझ यांनी १८८६ साली पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडीत इंजिनभोवतीचे पाणी उकळून वाफ होऊन जात असे व ते वारंवार भरावे लागे. विल्हेल्म मायबाख यांनी १९०० च्या सुमारास मर्सिडीज गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. त्यातील आठ हजारांहून अधिक बारीक नळ्यांमधून वारा वाहत असल्याने थोडे पाणीही पुरेसे ठरू लागले. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' मध्ये, सुरुवातीच्या काही गाड्या वगळता, पाण्याचा पंपही नव्हता. गरम पाणी वर चढते आणि थंड पाणी खाली उतरते, या साध्या तत्त्वावर तिचे पाणी फिरत असे.

उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत पाण्याची बरोबरी करणारा स्वस्त द्रव आजही उपलब्ध नाही. परंतु पाण्याचे तीन दोष आहेत : ते गोठते, उकळते आणि धातू गंजवते. शीतक द्रवाचा पुढील सर्व इतिहास या तीन दोषांवरील उपायांचा इतिहास होय.

२. गोठण्याचे भय आणि ग्लायकोलचा उदय

गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. या दाबाने ओतीव लोखंडाचा सिलिंडर ब्लॉकही तडकतो. युरोप व अमेरिकेत हिवाळ्याच्या रात्री रेडिएटर रिकामा करून ठेवण्याची रीत होती. पाण्यात अल्कोहोल, ग्लिसरीन किंवा कॅल्शियम क्लोराइड मिसळण्याचे प्रयोग झाले. अल्कोहोल उडून जाई, ग्लिसरीन दाट होई आणि क्षारांमुळे धातू खाल्ला जाई.

इथिलीन ग्लायकोल हे संयुग फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल-अदोल्फ वुर्ट्झ यांनी १८५० च्या दशकातच तयार केले होते. मात्र त्याचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन अमेरिकेत १९२५ च्या सुमारास सुरू झाले. १९२७ साली 'प्रेस्टोन' आणि १९२९ साली जर्मनीत 'ग्लायसँटिन' ही नावे बाजारात आली. समप्रमाणात पाणी मिसळले असता हे मिश्रण उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. विशेष म्हणजे शुद्ध ग्लायकोल स्वतः उणे १३ अंशांच्या आसपास गोठते. म्हणजे जे सामर्थ्य एकट्या पाण्यात नाही आणि एकट्या ग्लायकोलमध्येही नाही, ते दोघांच्या मिश्रणात आहे.

हा धडा विमानविद्येलाही अनुभवातून शिकावा लागला. रोल्स-रॉइसच्या 'मर्लिन' इंजिनात आरंभी शुद्ध ग्लायकोल वापरले जाई. पुढे ७० टक्के पाणी व ३० टक्के ग्लायकोल यांचे दाबाखालील मिश्रण अधिक उपयुक्त ठरले. दाबाखाली पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. मोटारीच्या रेडिएटरला दाब टिकविणारे झाकण असते ते याच कारणाने.

३. गंजरोधकांचे तीन संप्रदाय

उष्णता व हवेच्या संपर्काने ग्लायकोलचे हळूहळू आम्लात रूपांतर होते व ते आम्ल धातू पोखरते. त्यामुळे कूलंटमध्ये गंजरोधक रसायने मिसळणे अपरिहार्य झाले. कूलंटमध्ये ही रसायने अल्प प्रमाणात असतात, पण त्याचा 'प्रकार' ठरतो तो त्यांच्यावरूनच.

ब्रिटनने १९५९ साली बीएस ३१५०, ३१५१ व ३१५२ अशी तीन मानके जाहीर केली. प्रत्येकात गंजरोधकाची पाककृतीच दिलेली होती. १९८५ साली त्यांची जागा बीएस ६५८० या एकाच मानकाने घेतली. त्यात घटकांऐवजी कामगिरीच्या कसोट्यांवर भर होता. उत्पादकाला यामुळे संशोधनाचे स्वातंत्र्य मिळाले. ग्राहकाला मात्र डब्यात नेमके काय आहे, हे मानकाच्या क्रमांकावरून कळेनासे झाले. इतिहासाच्या दृष्टीने हे वळण महत्त्वाचे आहे.

दरम्यान तीन प्रदेशांनी तीन वाटा धरल्या. अमेरिकेत सिलिकेटवर आधारित हिरवा कूलंट रूढ झाला. युरोपातील पुष्कळ भागांत पाणी जड असल्याने फॉस्फेट टाळले गेले, कारण जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमशी फॉस्फेटचा संयोग होऊन थर साचतो. जपानी उत्पादकांनी याउलट सिलिकेट टाळून फॉस्फेट स्वीकारले. सिलिकेटमुळे वॉटर पंपाच्या सीलची झीज होते, असा त्यांचा आक्षेप होता. ज्या त्या प्रदेशाच्या पाण्यात व यंत्रात जे टिकले, ते तेथे मान्य झाले.

४. सेंद्रिय आम्ले आणि रंगांचा गोंधळ

१९९० च्या दशकात सेंद्रिय आम्लांवर आधारित कूलंट आले. सिलिकेट धातूच्या संपूर्ण पृष्ठभागावर त्वरेने थर धरते, परंतु दोन-तीन वर्षांत संपते. सेंद्रिय आम्ले मुख्यतः जेथे गंज सुरू होतो तेथेच कार्य करतात, म्हणून ती दीर्घकाळ टिकतात. जनरल मोटर्सने १९९५ च्या सुमारास पाच वर्षे टिकणारा नारिंगी 'डेक्स-कूल' वापरात आणला. पुढे गाळ व गास्केटगळतीच्या तक्रारींवरून अमेरिकेत सामूहिक दावे दाखल झाले आणि २००८ साली तडजोड झाली.

फोक्सवॅगनचा अनुभवही बोलका आहे. तिचा जुना निळसर-हिरवा 'जी ११' आणि नवा लाल 'जी १२' एकत्र झाल्यास तपकिरी गाळ तयार होई. यावर उपाय म्हणून जुन्याशीही जुळणारा जांभळा 'जी १२ प्लस' आणावा लागला. नंतरच्या 'जी १३' मध्ये तर ग्लिसरीन परतले. मोटारयुगाच्या आरंभी मागे पडलेला पदार्थ शतकभराने पुन्हा दारी आला.

रंगाचे कोणतेही सार्वत्रिक मानक या काळात निर्माण झाले नाही. अमेरिकेचा हिरवा सिलिकेटचा, तर जपानी गाड्यांतील हिरवा फॉस्फेटचा असू शकतो. टोयोटाचा लाल आणि फोक्सवॅगनचा लाल हे रंगाने सारखे, रसायनाने भिन्न. रंग मिसळला जातो तो गळती दिसावी व डबा ओळखता यावा म्हणून. त्यातून रसायनाची हमी मिळत नाही.

५. महाराष्ट्राच्या संदर्भात

थंड देशांत या द्रवाला 'गोठणरोधक' म्हणतात. आपल्याकडे तो 'कूलंट' झाला. महाराष्ट्रात पाणी गोठण्याचे भय नसल्याने 'रेडिएटरमध्ये पाणीच पुरे' ही समजूत दृढ झाली. घाट चढताना ट्रक थांबवून पाणी ओतणारा क्लीनर हे दृश्य जुन्या पिढीच्या चांगले परिचयाचे आहे. पितळी-तांब्याचे जाड रेडिएटर व लोखंडी इंजिन यांनी ही सवय काही काळ सोसली. ऍल्युमिनियमचे हेड आणि ऍल्युमिनियमचे पातळ रेडिएटर सार्वत्रिक झाल्यावर हीच सवय महाग पडू लागली.

येथे आणखी एक बाब विचारात घ्यावयास हवी. दख्खनच्या पठारावरील बोअरवेलचे पाणी अनेक ठिकाणी जड आहे. पाणी तापविण्याच्या भांड्यातील पांढरा थर त्याची रोज साक्ष देतो. म्हणजे आपले पाणी युरोपच्या प्रकृतीचे आणि आपल्या रस्त्यांवरील असंख्य गाड्या जपानी परंपरेच्या. फॉस्फेटयुक्त कूलंटमध्ये असे पाणी मिसळणे म्हणजे युरोपने जे हेतुपुरस्सर टाळले तेच आपण अजाणतेपणी करणे होय.

६. निवड व बदल : इतिहासातून निघणारे व्यवहारसूत्र

निवडीची पहिली कसोटी म्हणजे वाहनाच्या पुस्तिकेत दिलेले विनिर्देश. डब्यावर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ यांसारखे मानक असणे आवश्यक असले, तरी तेवढे पुरेसे नाही. उत्पादकाने सांगितलेला प्रकार जुळला पाहिजे. डिझेलच्या अवजड इंजिनांत कंपनामुळे सिलिंडर लायनरवर सूक्ष्म बुडबुडे फुटून खड्डे पडतात. त्यांना रोखणारी वेगळी रसायने लागतात. म्हणून मोटारीचा कूलंट बसला चालेलच असे नाही.

दोन प्रकार मिसळल्यास प्रत्येक वेळी गाळ होतोच असे नव्हे. परंतु दीर्घायुषी कूलंटचे आयुर्मान मात्र निश्चित घटते. प्रकार बदलावयाचा असेल तर पुढील क्रम पाळावा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडावे. रेडिएटर व ब्लॉक दोन्ही रिकामे करावेत. स्वच्छ पाणी भरून हीटर चालू ठेवावा व थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवावे. ते थंड होऊ द्यावे आणि मग पाणी काढावे. निघणारे पाणी नितळ होईपर्यंत ही कृती पुन्हा करावी. अखेरचे काही पाणी ब्लॉकमध्ये राहतेच. म्हणून एकूण क्षमतेच्या निम्मा संहत कूलंट प्रथम भरून उर्वरित जागा डिस्टिल्ड पाण्याने भरावी आणि अडकलेली हवा काढावी. वाटेत पातळी कमी झाल्यास अनोळखी कूलंटपेक्षा थोडे डिस्टिल्ड पाणी बरे. मात्र नंतर प्रमाण तपासून घ्यावे. काढलेला द्रव गटारात किंवा उघड्यावर टाकू नये. ग्लायकोल चवीला गोड असून विषारी आहे. कुत्री-मांजरे ते चाटतात.

निष्कर्ष

१. शीतक द्रवाचे प्रकार हे स्थानिक पाणी, धातू व उद्योग यांच्या परस्परसंबंधातून घडले आहेत.
२. रंग हे उत्पादकाचे चिन्ह आहे, रसायनाचे प्रमाण नव्हे.
३. महाराष्ट्रात कूलंटचे मुख्य कार्य गोठण रोखणे नसून गंज, क्षार व उत्कलन रोखणे हे आहे. म्हणून त्यात कोणते पाणी मिसळले जाते याला निर्णायक महत्त्व आहे.

समारोप

चौकशी समितीने वेतनकपातीचा प्रस्ताव फेटाळला. कूलंटचा प्रकार, भरल्याची तारीख व मिश्रणाचे प्रमाण लिहिलेली पट्टी बॉनेटच्या आतील बाजूस लावावी आणि बसमध्ये डिस्टिल्ड पाण्याचा कॅन ठेवावा, अशी शिफारस करण्यात आली. चालकाने रंग पाहून कूलंट निवडला, कारण रंगाखेरीज दुसरी कोणतीही खूण त्याला दिलेली नव्हती. डब्यावर रसायनाचे नाव ठळक मराठीत असते, तर कदाचित ती बस घाटात थांबली नसती. तंत्रज्ञानाचा इतिहास ग्रंथालयातून वाहनतळापर्यंत पोहोचविणे हेही इतिहासाच्या अध्यापकाचे कर्तव्य आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.