शिल्लक मालाची किंमत आणि कामगाराचा वाटा

वसंतातल्या संध्याकाळी हिशेबाचा विषय कशाला, असे आपणांपैकी पुष्कळांच्या मनात आले असेल. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. ताळेबंद वाचायला आम्हांला गरजेने शिकवले. १९९४ साली एका कारखान्यात बोनसची बोलणी चालली असता नफा एकाएकी निम्म्यावर आला. काम तेवढेच, विक्री तेवढीच. ताळेबंदाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती : शिल्लक मालाची किंमत धरण्याची पद्धत बदलली आहे. तिचा अर्थ आमच्यापैकी एकालाही सांगता आला नाही.

अर्थ अवघड नाही. समजा, गिरणीने कापसाच्या १०० गाठी २०० रुपयांनी घेतल्या आणि भाव चढल्यावर आणखी १०० गाठी ३०० नी. पैकी १०० खपल्या. त्यांच्या मालाचे ३५,००० आले. इतर खर्च बाजूला ठेवू. खपल्या त्या कोणत्या? कणगीत धान्य वरून ओततात, खालून काढतात. तसे धरले तर जुन्या गाठी गेल्या, नफा १५,०००. हिलाच फिफो म्हणतात. कोळशाच्या राशीवरून वरचा, म्हणजे नवा कोळसा आधी उचलतात. तसे धरले तर नफा ५,०००. ही लिफो. रांजणात जुने-नवे पाणी मिसळते, तशी सरासरी धरली तर १०,०००. गोदामातली गाठ तीच, नफे मात्र तीन!

अमेरिकेत १९३८ च्या करकायद्याने मोजक्या धंद्यांना आणि १९३९ मध्ये सर्वांना राशीची रीत खुली केली. चढत्या भावात तिने कर कमी पडतो. कॅनडातील अ‍ॅनाकोंडा पितळ कंपनीच्या दाव्यात १९५५ साली प्रिव्ही कौन्सिलने मात्र करासाठी ती नाकारली.

आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांच्या तंट्यात १९५० साली कामगार अपील न्यायाधिकरणाने बोनसचे सूत्र घातले : नफ्यातून घसारा, यंत्रांचे नूतनीकरण, कर व भांडवलावरील परतावा वजा जाता उरेल त्यात कामगाराचा वाटा. म्हणजे वजाबाकी जिथून सुरू होते तो आकडाच शिल्लक मालाच्या किमतीवर उभा. १९६५ च्या बोनस कायद्याच्या २३ व्या कलमाने तपासनिसांनी तपासलेला ताळेबंद खरा धरला, पण तंटा न्यायाधिकरणापुढे गेल्यास संघटनेला खुलासा मागण्याची वाटही ठेवली. ती वाट आम्हांला त्या दिवशी ठाऊक नव्हती. आम्ही सह्या करून उठलो.

राशीच्या रीतीलाही बाजू आहे, हे कबूल केले पाहिजे. खपलेली गाठ पुन्हा घ्यायची तर ३०० नीच मिळते. १५,००० पैकी १०,००० गोदाम भरण्यातच जातात. तरी १९९९ च्या सुधारित भारतीय हिशेबमानकाने एकसारख्या मालासाठी कणगी आणि सरासरी एवढ्याच रीती ठेवल्या.

आमची तक्रार रीतीशी नव्हतीच. रीत बदलते तेव्हा कोणाचा वाटा घटतो, हे विचारण्याइतके हिशेबाचे ज्ञान आमच्यापाशी नव्हते. त्या वर्षी कामगारांचे जे गेले, ते आमच्या या अज्ञानामुळेही गेले.