टोकियो: रील्समध्ये न दिसणारं शहर

जपान ट्रिपच्या रील्स बघितल्यात ना? क्रम ठरलेला असतो. सकाळी आसाकुसाचं देऊळ, दुपारी अकिहाबारा, संध्याकाळी शिबुयाचं क्रॉसिंग, रात्री शिंजुकूचे निऑन दिवे. कॅप्शनसुद्धा ठरलेली, 'प्राचीन आणि आधुनिक यांचा संगम'. मला हे वाक्य जरा खटकतं, कारण त्यातलं 'प्राचीन' वाटणारं बरंच काही आपल्या बाबांपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठं आहे.

आसाकुसाचंच घ्या. तिथलं सेन्सोजी मंदिर परंपरेनुसार इसवी सन ६२८ पासूनचं. पण आज आपण ज्याच्यासमोर फोटो काढतो ते मुख्य मंदिर १९५८ साली बांधलेलं आहे आणि चक्क काँक्रीटचं आहे. त्याआधीचं लाकडी मंदिर १६४९ चं. १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपात टोकियो आणि आसपास मिळून लाखभर माणसं गेली. आसाकुसाचाच र्‍योउन्काकू नावाचा बारा मजली मनोरा, जिथे जपानमधली पहिली इलेक्ट्रिक लिफ्ट होती, तो मोडून पडला. लाकडी मंदिर मात्र टिकलं.

आणि मग १० मार्च १९४५. मध्यरात्रीनंतर अमेरिकेची २७९ बी-२९ विमानं शहरावर आली. लाकूड आणि कागदाची घरं, दाट वस्ती, जोराचा वारा आणि वरून पेट्रोल जेलीचे बॉम्ब. एका रात्रीत सुमारे १ लाख माणसं मेली, दहा लाखांहून जास्त बेघर झाली. लोक जीव वाचवायला सुमिदा नदीच्या पुलांकडे धावले, दोन्ही काठांवरून. कोतोतोई पुलावर दोन्हीकडची गर्दी मधोमध अडकली आणि आग पुलावरूनच पलीकडे गेली. हा पूल सेन्सोजीपासून चालत दहा-बारा मिनिटांवर आहे. किती रील्समध्ये दिसतो? मंदिराच्या आवारातही एक गिंको झाड आहे, त्याच्या खोडावर त्या रात्रीचे जळके व्रण अजून आहेत. मोठ्या लाल कंदिलाचं कामिनारिमोन दार तर १९६० चं. मूळचं १८६५ च्या आगीत गेलं होतं, ते पॅनासॉनिकचे संस्थापक मात्सुशिता यांच्या देणगीतून परत उभं राहिलं. कंदिलाच्या तळाशी वाकून बघा, कंपनीचं नाव दिसेल!

आता अकिहाबारा. आम्हा इंजिनिअर लोकांची पंढरीच म्हणा. १८६९ साली इथे मोठी आग लागली, म्हणून सरकारने पुढची आग अडवायला जागा मोकळी ठेवली आणि तिथे अग्निशामक देवाचं छोटं देऊळ बांधलं. लोकांना वाटलं हा 'अकिबा' देव, त्यावरून मैदानाचं नाव पडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर याच भागात रस्त्यावर रेडिओच्या सुट्या भागांच्या टपऱ्या लागल्या. तयार रेडिओ महाग, पार्ट्स आणून घरी जोडणं स्वस्त. जवळच इलेक्ट्रिकलचं कॉलेज, त्यामुळे गिऱ्हाईक आणि कारागीर दोन्ही हाताशी. १९४९ मध्ये अमेरिकन प्रशासनाने रस्त्यावरच्या टपऱ्या हटवायचा आदेश काढला, तेव्हा ही मंडळी सरकली रेल्वेच्या पुलाखाली. (आपल्याकडे अतिक्रमणविरोधी गाडी आली की काय होतं ते आठवा!) ते रेडिओ सेंटर अजून आहे. एका माणसाला बसता येईल एवढा गाळा, समोर डब्यांमध्ये रेझिस्टर, स्विच, वायरी. १९७६ मध्ये एनईसीने इथल्या रेडिओ काइकान इमारतीत टीके-८० या मायक्रोकॉम्प्युटर किटसाठी दुकान उघडलं. ॲनिमे आणि मेड कॅफे हे सगळं नंतरचं. लोकांनी मॉल बघायच्या आधी ते गाळे बघावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिबुयाबद्दल थोडक्यात. हाचिको कुत्र्याचा पुतळा १९३४ चा, असं समजू नका. तो युद्धात धातूसाठी वितळवला गेला. आजचा १९४८ चा आहे, मूळ शिल्पकाराच्या मुलाने घडवलेला.

शिंजुकूचं काबुकीचो हे नाव तर एका न झालेल्या गोष्टीचं आहे. जळलेल्या वस्तीत काबुकी नाट्यगृह बांधायचं ठरलं, १९४८ ला नाव दिलं, नाट्यगृह काही झालं नाही.

शिंजुकूतच नाकामुराया आहे. दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंगवर बॉम्ब टाकण्याच्या कटातले रासबिहारी बोस १९१५ मध्ये जपानला पळून आले. ब्रिटिशांच्या दबावाखाली त्यांना देश सोडायचा हुकूम झाला, तेव्हा या बेकरीच्या मालकांनी, सोमा दांपत्याने, त्यांना दुकानामागे लपवून ठेवलं. १९१८ मध्ये त्यांची मुलगी तोशिको हिच्याशी बोसांचं लग्न झालं. १९२५ मध्ये ती गेली, दोन लहान मुलं मागे ठेवून. १९२७ मध्ये नाकामुरायाच्या मेनूवर 'इंडियन करी' आली, बोसांच्या आग्रहाने, कारण जपानमध्ये करी म्हणून जे मिळायचं ते त्यांना पटत नव्हतं. बोस वारले जानेवारी १९४५ मध्ये. त्याच वर्षी त्यांचा मुलगा जपानी सैन्यातून लढताना ओकिनावात मारला गेला.

ती करी आजही मिळते, हाड असलेल्या चिकनची. पण जायच्या आधी एक दुपार रिकामी ठेवा आणि र्‍योगोकू स्टेशनला उतरा. सगळे तिथे सुमो बघायला जातात. तुम्ही योकोआमिचो बागेत जा. तिथल्या स्मारकात १९२३ आणि १९४५, दोन्ही वेळच्या मृतांच्या अस्थी एकत्र ठेवल्या आहेत.