शेवटच्या कडव्यातलं नाव

आमच्या गावात कुणाला कुठलं गाणं आवडतं, हे त्याचं घर कुठल्या आळीत आहे यावरून सांगता यायचं. मास्तरांच्या घरी 'गीतरामायण'. वारकऱ्यांच्या आळीत हरिपाठ नि अभंग. तालमीपाशी बसणाऱ्या पोरांच्या तोंडी किशोरकुमार, आणि जत्रा जवळ आली की लावणी. ओढ्यापलीकडं बौद्धवाडा, तिथं भीमगीतं. आवड ही ज्याच्या त्याच्या मनाची गोष्ट, असं आपण म्हणतो. पण माझी आवड काही मी निवडलेली नव्हती. ज्या भोंग्याचं तोंड आमच्या दाराकडं होतं, त्यातून जे आलं ते मला आवडायला लागलं, एवढंच.

आमचं घर वारकऱ्यांच्या आळीत. आजी जात्यावर ओव्या म्हणायची. तात्या, म्हणजे माझे वडील, भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. त्यामुळं बोलायला लागण्याआधी ताल कानात बसला. पुढं ग्रामपंचायतीच्या रेडिओवर 'आपली आवड' नि 'कामगार सभा' ऐकायला मिळाली. मास्तर सांगायचे की 'गीतरामायण' १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक असं लागायचं आणि ते ऐकायला माणसं रेडिओला हार घालून बसायची. त्यांच्या ओसरीत बसून ती छप्पन्न गाणी मीही ऐकली. म्हणजे मी गाण्याचा भुकेला होतो. तरी ओढ्यापलीकडून येणारं गाणं माझ्या यादीत नव्हतं. वारा इकडचा असला की ढोलकीचा ठेका यायचा, कोरसचा सूर यायचा. शब्द मात्र ओढ्याच्या पाण्यात पडावेत तसे मधेच कुठंतरी पडायचे.

यात एक गंमत होती, ती फार उशिरा ध्यानात आली. आषाढी एकादशीला आमच्या देवळाच्या भोंग्यावर प्रल्हाद शिंदे लागायचे. पंढरीच्या वाटेचं त्यांचं गाणं लागलं की आजी हातातलं काम ठेवून जोडलेल्या हातांनी ऐकायची. आणि १४ एप्रिलला ओढ्यापलीकडच्या भोंग्यावरही प्रल्हाद शिंदेच असायचे, तोच भरदार, खडा आवाज. एकच गळा दोन्ही भोंग्यांतून वर्षानुवर्षं गावावर वाजत होता. गाव मात्र दोन बाजूंनी आपापलं ऐकत होतं.

ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि ही वाटणी जराशी विस्कटली. तोवर तबकड्या नि ग्रामोफोन मोठ्या घरात. आता ज्वारी विकून आलेल्या पैशात टेपरेकॉर्डर यायला लागला. तालुक्याला, सिन्नरला, एसटी स्टँडजवळच्या दुकानांवर 'कॅसेट भरून मिळेल' अशा पाट्या लागल्या. कोरी कॅसेट घ्यायची, हव्या त्या गाण्यांची यादी द्यायची आणि चार दिवसांनी भरलेली कॅसेट न्यायची. कुणी काय ऐकायचं हे पहिल्यांदाच देवळाच्या किंवा पंचायतीच्या भोंग्याच्या हातातून सुटलं. आनंद शिंद्यांचं पोपटाचं गाणं त्याच सुमाराला लग्नाच्या वरातीतून गावोगाव पोचलं, ते असंच.

मी तेव्हा सिन्नरला कॉलेजात होतो. एसटीत शेजारी बसणारा माझा वर्गमित्र बौद्धवाड्यातला. त्यानं साठ मिनिटांची एक कॅसेट भरून आणली होती. मी ती एका रात्रीसाठी मागून घेतली. त्यात डझनभर गाणी, गायक पाच-सहा. एक गाणं कव्वालीच्या ढंगाचं, एक लोकगीताच्या चालीचं, एक अगदी गजलेसारखं सरळ चालणारं. आवाज वेगळे, चाली वेगळ्या. पण चार-पाच गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात एक नाव यायचं. वामन.

दुसऱ्या दिवशी एसटीत मी विचारलं, "ह्यो वामन कोण रे? गाणारे तर वेगवेगळे हायेत."

तो हसला. "आरं, गाणारे गात्यात. लिव्हणारा त्यो. गातोही सोताच. वामनदादा कर्डक. आपल्याच तालुक्यातला, देशवंडीचा. तुला म्हाईत नाय?"

देशवंडी म्हणजे काही परमुलूख नव्हे. सिन्नर तालुक्यातलंच गाव. पुण्यात बसलेल्या गदिमांचं सगळं मला ठाऊक, आणि तालुक्यातला इतका मोठा गीतकार मला त्या दिवशी एसटीच्या बाकावर भेटला. कॅसेटच्या दुकानात मी मुद्दाम छापील कॅसेटांची वेष्टनं पाहिली. त्यांवर गायकाचा फोटो होता, कंपनीचं नाव होतं. एका वेष्टनावर गीतकाराचं नाव कुठंच नव्हतं. आत कॅसेटमध्ये मात्र ते शेवटच्या कडव्यात होतंच.

घरी मी ती कॅसेट ओसरीवर लावली. दोन गाणी झाली तोच चुलते आले. "हे काय लावलंय? हे त्यांचं गाणं. आपल्या घरात कशाला?" मी काही बोलायच्या आत तात्या म्हणाले, "थांब जरा, व्हऊ दे पुरं." गाणं संपलं. तात्या म्हणाले, "नाव घातलंय बघ शेवटाला. अभंगासारखं." भजनाच्या माणसाला ते लगेच कळलं. तुकोबा, नामदेव, जनाबाई, सगळ्यांनी शेवटच्या चरणात आपलं नाव घातलंय. तात्या रोज ज्या चोखोबांचा अभंग म्हणायचे, त्यांनीही घातलंय. चोखोबांना देवळात जाऊ दिलं नाही. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वाराच्या बाहेर, नामदेव पायरीजवळ आहे. पण त्यांचं नाव अभंगाच्या शेवटच्या चरणात बसून आत गेलं. माणसांना आत जायला मात्र १९४७ साल उजाडावं लागलं; त्या वर्षी साने गुरुजी उपोषणाला बसले, तेव्हा पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना खुलं झालं.

पण तात्यांचीही एक हद्द होती, तीही सांगितली पाहिजे. गाणं पुरं झाल्यावर ते हळूच म्हणाले, "चांगलंय. पण वसरीवर नको लावू. भावकी बसती." त्यानंतर मी ती कॅसेट मळ्यात, मोटारीच्या खोपीत ऐकली. रात्रीच्या पाण्याच्या पाळीला. वीज आली की मोटारही चालू आणि टेपही चालू. मोटारीच्या घरघरीत शब्द नीट लागायचे नाहीत म्हणून एकेक गाणं पाच-सहा वेळा ऐकायचो. म्हणूनच पाठ झाली.

त्या गाण्यांतली कितीतरी बाबासाहेबांची होती. पण नुसती जयजयकाराची नव्हती. एका गाण्यात देशातल्या बड्या उद्योगपतींची नावं घेऊन, धनाचा साठा कुणाकडं आहे आणि आमचा वाटा कुठं गेला, असा रोकडा सवाल होता. कष्ट करणाऱ्याची भूक होती. आणि भाषा अशी, की आमच्या चावडीवर बसलेला कुणीही माणूस बोलेल. गजलेचा बांधा नि खळ्यावरचे शब्द, हे दोन्ही एका जागी मी आधी ऐकलं नव्हतं. 'गीतरामायणा'तल्या शब्दांपुढं मी हात जोडायचो. या शब्दांपुढं हात जोडावे असं वाटत नव्हतं. उत्तर द्यावं असं वाटायचं, आणि ते माझ्याकडं नसायचं.

मित्राच्या घरी जायला लागलो तेव्हा त्याच्या आजोबांनी पुढचं सांगितलं. त्यांच्या तरुणपणी गाणारी मंडळी गावात आली की गॅसबत्ती पेटायची. पेटी, ढोलकी, तुणतुणं. वामनदादा कुठल्याही झोपडीत मुक्काम करायचे, मिळेल ती भाकरी खायचे आणि पुढच्या गावाला निघायचे. वाड्यात लिहिता येणारी माणसं मोजकी. ती वहीत गाणी उतरवून घ्यायची. मग या वहीवरून त्या वहीत, तिथून तिसऱ्या गावी. "शब्द इकडचं तिकडं व्हायचं," आजोबा म्हणाले, "पर नाव नाय हालायचं." सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर गाण्यांच्या पातळ पुस्तिका विकायला असायच्या, तशा तीन-चार त्यांनी ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. घरची गरिबी. मुंबईला जाऊन पडेल ते काम केलं, गिरणीतही केलं. शाळा नशिबी नव्हती. त्यांच्याबद्दलची एक हकीकत आजोबांनीही सांगितली आणि पुढं मी वाचलीही. कुणीतरी आलेलं पत्र वाचून दाखवायला त्यांच्याकडं दिलं आणि त्यांना ते वाचता येईना. तो सल लागला आणि हा माणूस मोठेपणी अक्षरं गिरवायला बसला. १९४३ साली पहिलं गाणं लिहिलं, तेही एका सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर. त्यानंतर हजारो. 'वाटचाल' हा त्यांचा गीतसंग्रह निघाला तो १९७३ साली, म्हणजे तीस वर्षांनी. ही तीस वर्षं त्यांची गाणी माणसांच्या तोंडात आणि वह्यांत जगली.

आणि ही वाट त्यांच्या आधीही मळलेली होती. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातून जलसे उभे राहिले. त्यांनी तमाशाचा बाज घेतला आणि आतला मजकूर बदलला. आमच्याच नाशकात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच दशकात भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा गावोगाव फिरू लागला. गणात गणपतीऐवजी नवा विचार आला, गवळणीच्या जागी शिक्षणाचं, पाणवठ्याचं, सावकारीचं बोलणं आलं. जिथं वर्तमानपत्र पोचत नव्हतं आणि पोचलं तरी वाचता येत नव्हतं, तिथं चळवळ गाण्यातून पोचली. भीमरावांनी १९७८ साली या जलशांवर पुस्तक लिहिलं, म्हणून ती माहिती आज हाताशी आहे. जे कुणी लिहिलं नाही, ते त्या वह्यांबरोबर उंदरांनी आणि पावसानं नेलं.

आता सगळ्यात नवल वाटलं ते सांगतो. आमच्या गावात लग्नाच्या पंगतीत पाव्हण्यांची थट्टा करणारं एक गाणं सगळ्यांना पाठ होतं. 'सांगत्ये ऐका' या १९५९ सालच्या चित्रपटातलं. आमचे ते चुलते ते गाणं हात वर करून म्हणायचे. ते गाणं वामनदादांचं. चित्रपटाच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात नाव घालायची सोय नव्हती, म्हणून ते बिननावाचं आमच्या ओसरीवर आलं आणि सगळ्यांत बसून जेवलं. ज्या गाण्यात नाव होतं, ते मळ्यातल्या खोपीत राहिलं.

चुलत्यांना मी हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गाणं चांगलंय, त्याला काय." ते गाणं म्हणायचं त्यांनी सोडलं नाही. भावकीच्या पंगतीत ते कुणाचं आहे, हेही त्यांनी कधी सांगितलं नाही. मी सांगायचो. दोन-चार माणसं ऐकायची, बाकीची वाढप्याकडं बघायची.

वामनदादा १५ मे २००४ ला गेले आणि महिनाभरानं प्रल्हाद शिंदेही गेले. दोन्ही भोंगे एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात मुके झाले असं मला वाटलं. भोंगे अर्थात मुके झाले नाहीत. आता ते डीजे झालेत. मिरवणुकीत वामनदादांची गाणी जोरात वाजतात, ओढ्याच्या दोन्ही अंगाला वाजतात, आणि आमच्या भावकीतली पोरंही त्यावर नाचतात. हे तात्यांच्या काळी झालं नसतं, आणि मला त्याचा आनंदच आहे. पण डीजेला घाई असते. तो धृपद घेतो, पहिलं कडवं घेतो, ठेका दुप्पट करतो आणि दुसऱ्या गाण्यात शिरतो. शेवटच्या कडव्यापर्यंत गाणं जातच नाही. वहीवरून वहीत जाताना शब्द हलले तरी जे नाव हललं नव्हतं, तेच आता गळून पडतंय.

गेल्या खेपेला डीजे चालवणारा पोरगा ओळखीचा निघाला, माझ्या त्या मित्राचाच पुतण्या. मी त्याला म्हणालो, "बाबा, एक तरी गाणं शेवटपर्यंत वाजव."

"लोकं थांबत नाय काका."

"थांबतील. शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव आहे."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मोबाईल काढला आणि गाणं पुढं सरकवून शेवटचं कडवं कानाला लावून ऐकलं. "आयला," तो म्हणाला, "हे कधी ऐकलंच नव्हतं." मग ते गाणं त्यानं पहिल्यापासून लावलं.