थोपवणारा कुत्रा

इ. स. ९४९ च्या सुमारास तक्कोलम येथे राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि चोळ युवराज राजादित्य यांची लढाई झाली. राजादित्य मारला गेला. राष्ट्रकूटांच्या बाजूने लढलेला गंग राजा दुसरा बूतुग आपल्या मणलेर नावाच्या वीरावर प्रसन्न झाला आणि 'हवे ते माग' म्हणाला. मणलेराने राजाचा 'काळी' नावाचा कुत्रा मागून घेतला. पुढे एका टेकडीवर हा कुत्रा मोठ्या रानडुकराशी भिडला आणि दोघेही तिथेच मेले. कर्नाटकातल्या आतकूर गावी देवळासमोर त्या कुत्र्यासाठी शिळा उभी राहिली, तिच्या पूजेसाठी जमीन तोडून दिली गेली. शके ८७२ चा हा लेख अभ्यासकांना चांगला परिचित आहे.

आजचा अहिल्यानगर जिल्हाही तेव्हा राष्ट्रकूटांच्याच राज्यात होता. कर्जत, जामखेड, श्रीगोंदा या तालुक्यांत वीरगळ पाहत हिंडण्याचा नाद मला बरीच वर्षे आहे. त्या निमित्ताने गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलणे होते. आतकूरची गोष्ट मी त्यांतल्या एका, ऐंशी ओलांडलेल्या बाबांना सांगितली. त्यांचे तरुणपण माळावरच्या शिकारीत गेलेले. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "कुत्रं जिगरीचं, पण कच्चं. कुत्र्यानं डुक्कर मारायचं नसतं, थोपवायचं असतं. मारायला माणूस हाय की."

हे एक वाक्य मला अनेक ग्रंथांपेक्षा मोलाचे वाटले. कारण डुकराच्या शिकारीत कुत्र्याचे खरे काम काय, हे त्यात आहे. रानडुकराचे खालचे सुळे वरच्या सुळ्यांवर घासून धारदार राहतात. त्याने मुसंडी मारली की कुत्र्याचे पोट फाटते. म्हणून जाणता कुत्रा डुकराला दात लावत नाही. ते पळू लागले की मागून पायाशी झोंबतो, ते वळले की हातभर मागे सरतो आणि समोर उभा राहून भुंकत राहतो. डुक्कर बांधाला किंवा बोरीच्या जाळीला पाठ लावून उभे राहते. माणसे पोचेपर्यंत त्याला तिथेच अडकवून ठेवायचे. माणसाला कळते तेही भुंकण्यावरूनच. पळत्या डुकरामागचे भुंकणे वेगळे, उभ्या डुकरासमोरचे वेगळे.

हे पिल्लाला कसे शिकवतात, तेही बाबांनी सांगितले. सहा-आठ महिन्यांचे पिल्लू आधी जाणत्या कुत्र्यामागे नुसते रानात फिरवायचे. पहिले डुक्कर लहान असावे. पिलांची मादी किंवा सुळेवाला नर कधीच नको. कोवळ्या वयात जबर मार बसला, तर कुत्रा जन्मभर डुकराचा वास आला की शेपूट घालतो. पिल्लू लांबून भुंकले तरी शाबासकी द्यायची. एका डुकरावर फार कुत्री सोडायची नाहीत. घोळक्यात कुत्र्याला फाजील धीर येतो आणि ते अंगावर जाते. आणि सगळ्यांत आधी शिकवायची ती परत येण्याची हाक.

यातले किती कुठे लिहिलेले आहे? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात 'सारमेयविनोद' नावाचे प्रकरण आहे. सारमेय म्हणजे कुत्रा. चांगल्या कुत्र्याची लक्षणे आणि त्यांच्याकडून करायची शिकार हा त्याचा विषय. पण तो राजाचा विनोद, म्हणजे करमणूक. पिल्लू सांभाळणारा हात तिथे दिसत नाही. कुत्र्याला मान मात्र आपल्याकडे भरपूर मिळाला. पारनेर तालुक्यातल्या कोरठणपासून जेजुरीपर्यंत पुजल्या जाणाऱ्या खंडोबाच्या चित्रांत घोड्याबरोबर कुत्रा असतो. छत्रपती शाहूंच्या लाडक्या कुत्र्याची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीला आहे. कुत्र्याला शिकवणाऱ्याचे नाव मात्र यात कुठेच नाही.

इंग्रजी अमलात ही दरी आणखी रुंदावली. १८०३ मध्ये नगरचा किल्ला इंग्रजांनी घेतला, पुढे इथे छावणी झाली. घोड्यावरून भाल्याने डुक्कर मारणे हा गोऱ्या अधिकाऱ्यांचा आवडता खेळ. १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले एल्फिन्स्टन त्याचे मोठे शौकीन. पुढे बालवीर चळवळ उभारणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी १८८९ मध्ये या खेळावर अख्खे पुस्तक लिहिले. साहेबाची शिकार अशी ग्रंथात गेली. शिकारीवर पोट असलेल्यांचे काय झाले? १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ पासून मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारध्यांसारख्या जमातींची नोंद झाली, हजेरी लागली, गाव सोडायला परवाना लागू लागला. सोलापुरात तर वसाहतीला तारेचे कुंपण पडले. ज्याला रानात फिरण्याचीच मुभा नाही, त्याने पिल्लू कुठे शिकवायचे?

तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला उठला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आणली. आज कुत्री सोडून डुक्कर मारणे हा गुन्हा आहे, आणि तो असावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण याच काळात रानही बदलले. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले, १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि उसाचे क्षेत्र वाढत गेले. उसाने डुकराला बारमाही आडोसा दिला. त्याच उसात बिबट्याही आला. अकोले परिसरातल्या बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. रात्री मक्याच्या राखणीला जाणारा शेतकरी आजही कुत्रा बरोबर नेतो. तो कुत्रा अंगावर गेला तर फाटतो, गप्प बसला तर पीक जाते. अंतर राखून भुंकणारा आणि हाकेसरशी मागे येणारा कुत्रा शिकारीपेक्षा राखणीलाच जास्त लागतो. म्हणजे ही विद्या कायद्याच्या आत राहूनही उपयोगाची आहे. ती जाणणारी माणसे मात्र आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

आपली साधने मेलेल्यांच्या बाजूने बोलतात. शिळा मिळते ती भिडून मेलेल्या कुत्र्याला. जो दहा डुकरे थोपवून दर वेळी घरी आला आणि म्हातारा होऊन दारात मेला, त्याची शिळा कुणी उभारली नाही. त्याचा इतिहास फक्त त्याला शिकवणाऱ्याच्या तोंडी आहे. १९७२ च्या आधी शिकारीला गेलेला माणूस आज सत्तरीच्या पुढे आहे. आपल्या गावात असे कोणी असेल, तर वाचकांनी त्याच्याकडून निदान हाका तरी लिहून घ्याव्यात. कुत्रा सोडण्याची हाक सगळ्यांना आठवते. परत बोलावण्याची हाक मुद्दाम विचारावी लागते.