सामूहिक कार्यप्रणाली, भ्रमणसाधनांवरील

सामूहिक कार्यप्रणाली, भ्रमणसाधनांवरील : एकाच कामात गुंतलेल्या, परंतु निरनिराळ्या ठिकाणी वावरणाऱ्या व्यक्तींना हातात बाळगण्याजोग्या साधनांद्वारे समाईक मजकूर वाचता-लिहिता यावा, निरोप पाठविता यावेत व आपापल्या कामांची सांगड घालता यावी, यांसाठी रचलेल्या संगणकीय आज्ञावली. मेजावरील संगणकासाठी तयार केलेल्या प्रणालीचे हे केवळ लहान रूप नव्हे. अपुरा पडदा, वारंवार तुटणारा बिनतारी संपर्क आणि चालता-बोलता विभागले जाणारे वापरणाऱ्याचे लक्ष या तीन अडचणींतून या प्रणालींचे स्वतंत्र रचनाशास्त्र उदयास आले.

पूर्वपीठिका : अमेरिकन अभियंते डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथे एका प्रणालीचे जाहीर प्रात्यक्षिक केले. तीत दूर अंतरावरील दोन व्यक्तींनी एकाच मजकुरावर एकाच वेळी काम करून दाखविले. इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या शैक्षणिक संगणक प्रणालीवर १९७३ मध्ये सामूहिक संभाषणाची व टिपणांची सोय झाली. १९८४ साली आयरीन ग्रीफ व पॉल कॅशमन यांनी भरविलेल्या चर्चासत्रात संगणकाच्या साहाय्याने होणाऱ्या सहकार्याच्या अभ्यासास स्वतंत्र नाव मिळाले आणि १९८६ मध्ये टेक्सस राज्यातील ऑस्टिन येथे या विषयाची पहिली परिषद भरली.

या काळातील प्रणालींचा प्रसार अपेक्षेइतका झाला नाही. जॉनथन ग्रुडिन यांनी १९८८ मध्ये त्याचे एक प्रमुख कारण दाखवून दिले : ज्यांच्यावर माहिती भरण्याचे जादा काम पडते, त्यांना लाभ मिळत नाही आणि लाभ मिळतो तो दुसऱ्याच कोणाला. समाईक दिनदर्शिकेत सर्व कर्मचाऱ्यांनी आपली वेळापत्रके नोंदवावयाची आणि सोय मात्र सभा बोलाविणाऱ्याची व्हावयाची, हे त्याचे नेहमीचे उदाहरण होय.

हस्तधृत साधनांचा उदय : झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात मार्क वाइझर यांनी १९९१ मध्ये सर्वत्र विखुरलेल्या संगणकांची कल्पना मांडली. तेथेच तळहाताएवढे, अवरक्त किरणांनी संदेश पाठविणारे साधन तयार करण्यात आले. कार्नेगी-मेलन विद्यापीठात ब्रॅड मायर्स यांच्या गटाने १९९७ पासून ‘पाम पायलट’ या हस्तधृत साधनाचा सभांत उपयोग करून पाहिला. प्रत्येक सभासद आपल्या हातातील साधनाने समोरील मोठ्या पडद्यावरील दर्शक हलवू शके. कोणता दर्शक कोणाचा हे ओळखता यावे, म्हणून त्यांना निरनिराळे आकार देण्यात आले. आपल्याबरोबर कोण आहे व तो काय करीत आहे याची सहज जाणीव प्रत्येकास राहिली पाहिजे, हे तत्त्व पॉल डूरिश व व्हिक्टोरिया बेलॉटी यांनी १९९२ मध्ये मांडलेले होते.

पॉल लफ व ख्रिश्चन हीथ या ब्रिटिश संशोधकांनी १९९८ मध्ये दवाखाना, बांधकामाची जागा व लंडनची भुयारी रेल्वे येथील कामाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. कागद किंचित तिरपा करून किंवा पुढे सरकवून तो दुसऱ्यास सहज दाखविता येतो. एकाच्याच हातासाठी बनविलेल्या साधनात ही सोय नसते. हातात मावणारे साधन सहकार्यास अनुकूल असतेच असे नाही, असा या अभ्यासाचा बोध होता.

खंडित संपर्काचा प्रश्न : संपर्क तुटला म्हणून काम थांबू नये, तर प्रत्येक साधनावर माहितीची स्वतंत्र प्रत असावी लागते, परंतु प्रती अनेक झाल्या, की त्यांत भेद उत्पन्न होतो. कार्नेगी-मेलन विद्यापीठातील एम्. सत्यनारायणन् यांच्या मार्गदर्शनाखाली १९८७ पासून विकसित झालेल्या ‘कोडा’ प्रणालीत लागणाऱ्या धारिका आधीच साठवून ठेवणे, संपर्क नसताना त्या प्रतींवर काम चालविणे आणि संपर्क होताच फेरबदल मूळ साठ्यात मिळविणे, अशा तीन अवस्था होत्या. पालो आल्टो येथील ‘बायू’ (१९९५) ही प्रणाली त्याच्या पुढे गेली. तीत सभागृह राखून ठेवणारी व्यक्ती आपल्या मागणीबरोबरच पर्यायी वेळाही नोंदवी. दोन मागण्यांत विरोध आढळल्यास प्रणाली पर्यायी वेळ निवडी. मुख्य संगणकाने मान्य करेपर्यंत अशी नोंद तात्पुरती मानली जाई व ती तात्पुरती आहे, हे पडद्यावर कळे.

मजकुराच्या बाबतीत हा प्रश्न अधिक सूक्ष्म होतो. समजा, ‘गहू, तांदूळ, डाळ’ या यादीच्या आरंभी एकाने ‘मीठ’ घातले व त्याच वेळी दुसऱ्याने ‘दुसरा पदार्थ काढा’ अशी आज्ञा दिली. दुसऱ्याच्या मनात तांदूळ असतो. परंतु त्याची आज्ञा पहिल्याच्या प्रतीवर जशीच्या तशी लागू केल्यास गहू निघून जातो. म्हणून ती ‘तिसरा पदार्थ काढा’ अशी बदलून घ्यावी लागते. क्लॅरन्स एलिस व सायमन गिब्ज यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या या रूपांतरण पद्धतीचा पुढे महाजालावरील समाईक लेखनात उपयोग झाला. प्रत्येक घटकास क्रमांकाऐवजी कायमची ओळख देऊन, बदल कोणत्याही क्रमाने पोहोचले तरी अखेर सर्व प्रती सारख्याच व्हाव्यात, अशी दुसरी पद्धत मार्क शापिरो व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये सुव्यवस्थितपणे मांडली. खंडित संपर्काच्या साधनांना ती विशेष सोयीची ठरते.

जनसामान्यांतील प्रसार : २००७ नंतर स्पर्शपटलाचे भ्रमणध्वनी प्रचारात आले, तथापि सामूहिक कार्यासाठी साधे संचही पुरतात, हे केन्यात दिसून आले. तेथील डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर उसळलेल्या हिंसाचाराची वृत्ते नागरिकांनी लघुसंदेशांद्वारे व महाजालावरून पाठवावीत आणि ती नकाशावर दिसावीत, अशी ‘उशाहिदी’ ही प्रणाली २००८ मध्ये उभी राहिली. २००९ मध्ये स्थापन झालेल्या ‘व्हॉट्सॲप’ची गटसंदेशांची सोय मुळात कार्यालयीन कामासाठी आखलेली नव्हती. तरीही शाळा, कार्यालये, गृहनिर्माण संस्था व कुटुंबे यांनी तीच आपलीशी केली. वेगळी माहिती भरण्याचा भार तीत कोणावरच नव्हता. ग्रुडिन यांनी दाखविलेली अडचण येथे आपोआप टळली.

या सुलभतेची दुसरी बाजू महाराष्ट्राने अनुभवली. भ्रमणध्वनींवरून पसरलेल्या मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवांमुळे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी जमावाने भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच व्यक्तींना ठार केले. त्या वर्षी देशात अशा इतरही घटना घडल्या. संदेश पुढे पाठविण्याची एका बोटाची सोय ही तोवर केवळ रचनेतील बाब समजली जात होती; तिच्याशी माणसांचे प्राण निगडित असू शकतात, हे आता स्पष्ट झाले. जुलै २०१८ मध्ये पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागली आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल, अशी मर्यादा घालण्यात आली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. आपणास गटात कोणी घ्यावे, हे ठरविण्याची मुभाही सभासदांना २०१९ मध्ये मिळाली.

मूल्यमापन : गेल्या पाच दशकांत या प्रणालींतील तांत्रिक अडचणी बऱ्याच अंशी सुटल्या आहेत. प्रती जुळविण्याच्या पद्धती सिद्ध झाल्या असून, माहिती मुख्यतः वापरणाऱ्याच्याच साधनावर राहावी, असा विचारही २०१९ पासून बळावला आहे. सामाजिक प्रश्न मात्र गणिताने सुटणारे नाहीत. संदेशाची गुप्तता राखली, तर अफवेचा उगम शोधणे अवघड होते; ती सोडली, तर निरपराध संभाषणही उघडे पडते. गटात कोणी बोलावे, कोणास वगळावे, कामाच्या वेळेनंतर उत्तराची अपेक्षा धरावी काय, हेही आज्ञावलीच्या रचनेतून नकळत ठरत असते. अशा निर्णयांत रचनाकारांइतकेच वापरणाऱ्यांचेही मत विचारात घेतले जाणे आवश्यक ठरते.